दिरांची कुत्री

लग्न होऊन सोनपेठच्या अंगाला, गंगेकाठच्या (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) त्या गावात मी आले, तेव्हा सासरच्या घरात पहिलं काय पाहिलं असेल तर मार. थोरले दीर अंगणात उकिडवे बसले होते. गुडघ्याखाली एक तांबडी कुत्री दाबून धरली होती आणि अंबाडीच्या ओल्या दोराने तिच्या पाठीवर सपासप ओढत होते. कुत्री केकाटत नव्हती. डोळे मिटून, कान पाडून मार खात होती. माझ्या केसांत अजून अक्षता होत्या, उंबऱ्यावरचं माप लवंडायचं होतं, आणि सासूबाई मागून म्हणाल्या, "चल माय आत. ते रोजचंच हाय."

माझं डोकं तिथंच फिरलं. मी मूळची तापट. माहेरी पाथरीकडे माझ्या तोंडाला सगळी भावकी भ्यायची. पण नव्या नवरीनं थोरल्या दिराला काय बोलायचं? बोलायचं राहू द्या, त्यांच्यासमोर नीट उभंसुद्धा राहायचं नव्हतं. सासरे कधीच वारले होते, त्यामुळे त्यांचा सगळा मान या थोरल्या मुलाकडे आलेला. त्यांच्यासमोर पदर नाकापर्यंत ओढायचा, त्यांच्याशी शब्द बोलायचा नाही, त्यांना शिवायचं नाही. गंमत अशी, की दीर आंधळे होते. मी ज्यांच्यासाठी पदर ओढत होते त्यांना ना पदर दिसत होता ना तोंड. एकदा मी हे सासूबाईंना बोलून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "त्याला दिसत न्हाई, गावाला तर दिसतंय."

लहानपणी देवी आल्या आणि त्यात त्यांचे डोळे गेले. तोंडभर व्रण राहिले. लग्न झालं नाही. ते दोर वळायचे. अंबाडीचा वाख भिजवायचा, जड लाकडी मोगरीने कुटायचा, पिळायचा, आणि त्याची दावी, कासरे, मोटेचे नाडे करायचे. गावातले निम्मे बैल त्यांच्या दाव्याला बांधलेले असत. त्यामुळे त्यांची मनगटं मुसळासारखी झाली होती, आणि राग तर विचारू नका. भाकर करपली की ताट भिंतीवर. धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मिशा फुटल्या तरी कानाखाली वाजवायचे, आणि आमचे हे गाल चोळत कामाला लागायचे. न बघता नेम कसा साधायचा कोण जाणे, पण हात कधी हुकला नाही.

कुत्री त्यांनी धनगराकडून आणली होती. त्याची मेंढरं आमच्या रानात बसायला यायची. धनगराच्या कुत्र्यांना एकच शिकवलेलं असतं: 'छू' म्हटलं की लांडग्याच्या नरड्याला जायचं. दिरांना मात्र वाट दाखवणारी कुत्री हवी होती. आधी धाकटा भाऊ हात धरून न्यायचा, तो शेतीला लागला. सासूबाईंचे गुडघे गेलेले. सून येणार होती, पण सुनेने शिवायचं नाही. मग हात धरायचा कुणी? त्यांनी स्वतःच कुत्रीच्या गळ्यात अंबाडीचा पट्टा वळला आणि पट्ट्याला निरगुडीची हातभर काठी बांधली. नुसत्या दोराने तिचं वळणं हाताला कळत नव्हतं. काठीने कळायचं.

तिला शिकवण्याची त्यांची रीत म्हणजे मार आणि भाकर. खड्डा आला आणि कुत्री थांबली नाही की मार. थांबली की भाकरीचा तुकडा. गाडी आली की कडेला व्हायचं, आडाच्या काठाशी बसून घ्यायचं. सगळ्यात अवघड होतं ते वरचं. कुत्री बाभळीच्या फांदीखालून सहज निघून जायची आणि मागे दिरांचं कपाळ फुटायचं. तेवढ्यासाठी तिने इतका मार खाल्ला, की शेवटी चालता चालता मान वर करून बघायला लागली. स्वतःच्या उंचीचा नाही, धन्याच्या उंचीचा रस्ता बघणारी कुत्री मी पुढं जन्मात पाहिली नाही. मला तिचं कौतुक वाटायचं आणि दिरांचा संताप यायचा, दोन्ही एकाच वेळी.

पण पहिल्या दिवशी मी जो सपासप मार पाहिला, तो चावण्याबद्दलचा होता. गल्लीतली पोरं मुद्दाम "छू, छू" करायची. तिच्या अंगात धनगराकडचं भरलेलंच होतं, ती उसळायची आणि काठी धरलेले दीर तोंडावर आपटायचे. म्हणून त्या शब्दाला मार. कुणीही "छू" म्हटलं, कुत्री हलली, की मार. पुढं पुढं ते स्वतःच कानात हळूच "छू" म्हणायचे आणि पाठीवर हात ठेवून बघायचे, स्नायू हलतो का. एक दिवस स्नायू हलला नाही. त्या दिवशी त्यांनी तिला आपल्या ताटात जेवायला घातलं आणि आमच्या घरात 'छू' म्हणायला कायमची बंदी झाली.

आता या शहाण्या कुत्रीचे हाल ऐका. चावडीपाशी गावकुत्र्यांची टोळी होती. दीर चावडीकडे निघाले की ती टोळी तुटून पडायची. ही उलटून चावायची नाही. काठी धन्याच्या हातात, ही जागची हलली तर धनी पडणार. ती पाय रोवून उभी राहायची आणि टोळीतली कुत्री तिचे कान, मांड्या, शेपूट फाडायची. दीर आंधळेपणानं दोर फिरवायचे, तो निम्मा हिलाच लागायचा. लोक ओट्यावर बसून बघायचे आणि हसायचे.

मी एकदा पाण्याला जाताना हे पाहिलं. घागर तिथंच ठेवली. कुणाच्या तरी कुंपणातली बाभळीची फांदी उपसली आणि त्या कुत्र्यांना असं झोडपलं, की एकाचा डोळाच गेला. मग ओट्यावरच्या हसणाऱ्यांकडे फांदी रोखली. कुणी हसलं नाही. हाताला काटे घुसून रक्त वाहत होतं, पण मला लय बरं वाटलं. लग्नानंतर पहिल्यांदाच बरं वाटलं.

तेव्हापासून दीर बाहेर पडले की मी फांदी घेऊन मागे असायची. जवळ जायचं नाही, बोलायचं नाही. पुढं कुत्री, तिच्यामागे काठी धरलेले दीर, आणि बऱ्याच अंतरावर नाकापर्यंत पदर ओढलेली मी. गावाने आधी तोंडं वाकडी केली, मग सवय झाली. दिरांना माझी चाहूल लागायची. बोलायचे ते कुत्रीशी. "मागच्या बाईला सांग, भाकर लय कडक झालती आज." मी पण कुत्रीकडे बघून म्हणायची, "सांग त्येंना, दात सांभाळून खावं म्हणावं." दीर नाकातल्या नाकात हसायचे. त्या घरात मला समजून घेणारं कुणी असेल तर ते हे आंधळे दीर, हे मला तेव्हाच कळलं होतं.

तेव्हा कुठंतरी मोठी लढाई चालू होती. आमच्यापर्यंत ती लेव्हीच्या रूपाने यायची. निजामाचं सरकार ठरवील तेवढी ज्वारी पिको न पिको द्यायचीच. त्या वर्षी कणसांना काणी पडली, दाण्याऐवजी काळी भुकटी. जेवढं हाती आलं तेवढं आमच्या ह्यांनी पेवात घातलं, म्हणजे जमिनीखालच्या धान्याच्या खड्ड्यात, आणि वर कडब्याची गंज रचली.

एका दुपारी लेव्ही वसूल करणारा सरकारी गिरदावर आला, सोबत जवान. गिरदावर आमच्याच भागातला, आमच्यासारखंच बोलणारा. त्यांनी गावातल्या बाप्यांना चावडीपुढे उन्हात उभं केलं. आमच्या ह्यांना ओणवं केलं आणि पाठीवर चावडीतला मोठा धोंडा ठेवला. धोंडा हलला की पोटरीवर काठी. पेव कुठं आहे ते सांगेपर्यंत.

ह्यांची किंकाळी घरापर्यंत आली. दीर दोर वळत होते. हातातला पीळ त्यांनी तसाच सोडला, कुत्रीला पट्टा घातला आणि निघाले. मी फांदी घेतली. सरकारी माणसं आलेली असताना बायकांनी चावडीपुढे जायचं नव्हतं, मी लिंबाच्या बुंध्याआड थांबले. तिथून ह्यांच्या पोटऱ्या दिसत होत्या. कातडी फाटून लोंबत होती, माशा बसत होत्या.

दीर म्हणाले, "सायेब, घरातला थोरला मी हाय. त्याला सोडा. धोंडा माझ्या पाठीवर द्या."

गिरदावर हसला. "अरे आंधळ्या, भावाचे हाल तुला कुठं दिसणार? तू नुसतं ऐक." आणि त्याने मान हलवली. जवानाने बंदुकीचा दस्ता धोंड्यावर मारला. काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. हे "दादा!" म्हणून ओरडले आणि तोंडावर पडले, वर धोंडा.

दिरांचं तोंड मला दिसत होतं. व्रणांच्या खळग्यांतून घाम वाहत होता. त्यांनी काठीवरची पकड घट्ट केली आणि म्हणाले, "छू."

कुत्री हलली नाही. उलट मागे सरून त्यांच्या पायाला चिकटून उभी राहिली. त्या शब्दासाठी तिने पाठ सोलून घेतली होती. तिला वाटलं असेल, हीही परीक्षाच.

"छू!" ते किंचाळले, आणि काठी सोडून दिली. "छू, माझे माय! धर त्याला!"

मग ती गेली. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं घेऊन गेली. बंदूक एकाच जवानाकडे होती, आणि ज्याच्याकडे होती त्याचंच मनगट तिच्या तोंडात. तिने ते दोनदा झटकलं आणि आतलं पांढरं हाड मला लिंबाआडून दिसलं. बंदूक धुळीत पडली. दुसरे जवान काठ्या घेऊन तिच्यावर तुटून पडले, तिचा एक डोळा फुटला, तरी तोंड सुटेना. दीर दोन्ही हात पसरून आवाजाच्या दिशेने धावले आणि हाताला लागेल त्याला धरलं. धरलं ते सोडलं नाही. त्यांच्या खांद्यावर काठी बसली तेव्हाचा आवाज ओली फांदी मोडल्यासारखा होता. मग मीही गेले. चावडी नाही, पदर नाही, काही नाही. एका जवानाच्या तोंडावर बाभूळ ओढली. त्याने कोपर मारलं, माझे पुढचे दात गेले, आणि मी भिंतीवर जाऊन आदळले.

तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "कडब्याच्या गंजीखाली हाय हो, गंजीखाली! सोडा त्येंना!" कोण ओरडलं ते मी कधी विचारलं नाही. त्या माणसाचा मला राग नाही. त्याने आम्हाला वाचवलं.

पत्ता लागताच जवानांनी आम्हाला तिथंच टाकून पेव उपसलं, गाड्या भरल्या, मनगटाला फडकं बांधलेला जवान वरच्या पोत्यांवर आडवा घातला आणि निघून गेले. कुत्री तेवढ्यात रानात पळाली होती. आमच्या ह्यांची पाठ पुन्हा कधी सरळ झाली नाही. दिरांचा खांदा वैदूनं बांधला. त्या वर्षी आम्ही अंबाडीची भाजी आणि मागून आणलेल्या कण्या खाऊन जगलो.

काही दिवसांनी कुत्री परत आली. एका डोळ्याची, लंगडत, तोंडावर वाळलेलं रक्त. दीर तिच्या गळ्यात पडून रडले. गाव बघायला आलं. जे ओट्यावर बसून हसायचे तेच आता म्हणायला लागले, "कुत्री न्हाई, वाघीण हाय ही." मलाही लय आनंद झाला, खोटं कशाला बोलू. बोळक्या तोंडाने मी हसत होते. त्या जवानाचं पांढरं हाड आठवलं की जेवण गोड लागायचं.

पण दिरांचा खांदा जुळून त्यांनी पुन्हा काठी धरली, तेव्हा काठीच्या पुढं ती जुनी कुत्री नव्हती. तिला कळलं होतं, की चावलं की मारणारा खाली पडतो. चावडीपाशी टोळी आली तेव्हा ती पहिल्यांदाच उलटली. एका कुत्र्याची मान तिने जागेवर मोडली, आणि या धुमाळीत दीर काठीसकट काटेरी कुंपणात ओढले गेले. त्यांचं अंग माझ्या डोळ्यांदेखत सोलवटलं आणि मला त्यांना हात देऊन उठवता येईना. मी ओरडून दुसऱ्याला बोलावलं. मग एका फेरीवाल्याच्या हातात गज होता म्हणून ती त्याला चावली. मग जात्याला टाकी लावायला हातोडी उचललेल्या बाईला. खड्ड्यापाशी थांबायची, फांदी बघून थांबायची, सगळं येत होतं तिला. पण काठी उगारलेली दिसली, की तिला दुसरं काही दिसत नव्हतं. दिरांनी तिला मारून बघितलं नाही. तिच्यावर हात उचलणं त्यांनी सोडून दिलं होतं. नुसते कानात म्हणत बसायचे, "न्हाई ग, आता न्हाई चावायचं. झालं ते झालं."

आणि मग शेजारच्या पोराने सवयीने "छू" म्हटलं. त्याच्या दंडाचा लचका गेला. पोरगं वाचलं, पण त्याच्या आईचा तो आक्रोश! ती आमच्या दारात येऊन डोकं आपटत होती. मागोमाग गाव आलं, कुऱ्हाडी आणि काठ्या घेऊन. कुणी म्हणे पिसाळली, कुणी म्हणे गावात ठेवायची नाही. कुत्री गोठ्यात बांधलेली, ती दावं तोडायला बघत होती. मी दाराच्या आतून ह्यांना म्हटलं, "बांधून ठिवू की कायमची." बाहेरून दीर म्हणाले, आणि या वेळी ते कुत्रीशी बोलत नव्हते, "बांधलेली कुत्री माझ्या काय कामाची? आन् बांधलेली कुत्री तिच्या तरी काय कामाची?" मग गावाला म्हणाले, "कुणी हात लावू नका. माझी हाय. मीच मारतो."

पहाट झाल्यावर ते मोगरी घेऊन निघाले. नेहमीसारखा तिला पट्टा घातला, काठी धरली. गंगेवर नेऊन मारायची होती. न्यायलाही तीच लागणार होती, दुसरं कोण नेणार? वाटेतल्या ओहोळापाशी ती थांबली. पांदीच्या अरुंद वाटेतल्या फांदीपाशी मान वर करून थांबली. मी मागून चालत होते आणि पदरात तोंड कोंबून रडत होते.

वाळूत आल्यावर दिरांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, डोकं चाचपलं, मोगरी उचलली, परत खाली ठेवली. घाव चुकला तर ती तडफडत राहील, ही भीती त्यांच्या हातात दिसत होती. मग तोंड माझ्याकडे वळवून ते सरळ म्हणाले, "बाई, म्होरं ये. मुंडकं धर तिचं. माझा हात कुठं बसवायचा ते दाखव."

ते माझ्याशी सरळ बोललेले पहिले शब्द. मी गेले. गुडघ्यात तिची मान धरली. तिने माझा हात चाटला, शेपूट हलवली, आणि मग पाय रोवून अगदी स्थिर उभी राहिली, कारण धन्याचा हात पाठीवर असला की हलायचं नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. मी दिरांचं मनगट धरून मोगरी तिच्या दोन कानांच्या मधोमध टेकवली आणि बाजूला झाले. एकच घाव बसला. रक्त माझ्या लुगड्यावर उडालं. ती आवाज न करता खाली बसली, मग कलंडली.

वाळू उकरून आम्ही तिला पुरली. दिरांनी पाण्यात हात धुतले, उठून उभे राहिले आणि मला वाटलं यांना आता घरी न्यायला हवं. मी पुढं होऊन त्यांचा हात धरला. त्यांनी तो हिसडला आणि अशी एक थप्पड मारली, की मी वाळूत पडले. मला आयुष्यात कुणी हात लावला आणि मी उलटून काहीच बोलले नाही, असं तेवढंच एकदा झालं. मला राग आलाच नाही. मी पडल्या पडल्या त्यांच्याकडे बघत राहिले.

ते गुडघ्यांवर बसले आणि लेकरासारखे रडायला लागले. "तिनं पायाला अंग लावलं होतं ग," ते म्हणाले. "चावडीपुढं पैल्यांदा म्हटलं तवा. ती न्हाई म्हनायली होती. म्या दुसऱ्यांदा म्हटलं."

उन्हं वर आली तेव्हा मी त्यांचं मनगट धरलं आणि उठवलं. या वेळी त्यांनी हात सोडवून घेतला नाही. पदर खांद्यावर पडला होता तो मी तसाच राहू दिला, आणि चावडीवरूनच त्यांना घरी घेऊन आले.